दंड भरून मोकळं होण्याआधी

१ नोव्हेंबर जवळ आला की खडेबाजारात चहा पिताना एक प्रश्न हमखास निघतो: काळ्या दिनाच्या फेरीला गेलो आणि केस झाली, तर पुढं निवडणूक लढवता येते का? आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोरानं तर ठरवूनच टाकलं होतं, "दादा, एफआयआरमध्ये नाव आलं की आमदारकी विसरायची."

तसं नाही. गुन्हा नोंद झाला, आरोपपत्र आलं, अगदी आत असलात तरी आमदार-खासदारकीचा अर्ज भरता येतो. जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली तुरुंगातूनच मुझफ्फरपूरला निवडून आले. (तुरुंगातल्या माणसाला मत मात्र देता येत नाही. हे लॉजिक मला अजून पचलेलं नाही.)

अडतं ते दोषी ठरल्यावर. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ सांगतं, शिक्षा २ वर्षं किंवा जास्त असेल तर त्या दिवसापासून अपात्र, आणि सुटकेनंतर आणखी ६ वर्षं. नुसतं अपील करून पद टिकवायची सोय सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०१३ ला काढून घेतली. सावनेरचे सुनील केदार डिसेंबर २०२३ मध्ये जिल्हा बँक घोटाळ्यात दोषी ठरले, आमदारकी गेली आणि २०२४ ला पत्नीला उभं राहावं लागलं. आपल्या कोलारच्या भाषणावरून राहुल गांधींची खासदारकी गेली, ती दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाल्यावर परत आली. नुसता जामीन मिळून हे होत नाही.

आपल्या भागासाठी खरी मेख वेगळीच आहे. याच कलमात काही गुन्ह्यांची यादी आहे, तिथं २ वर्षांची अटच नाही. नुसता दंड झाला तरी ६ वर्षं बाद. त्या यादीत पहिल्याच ओळीत भारतीय दंड संहितेचं १५३अ आहे, गटागटांत वैर वाढवण्याचं, आणि त्यात धर्म, वंश यांच्याबरोबर 'भाषा' हा शब्द स्पष्ट आहे. नव्या न्याय संहितेत तेच कलम १९६ झालं. सीमाभागात भाषेवरून वाद झाला की हे कलम लागायला वेळ लागत नाही.

१९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार होते. उमेदवारी हेच इथं निषेधाचं हत्यार होतं. त्यामुळं "कबूल कर, हजार-पाचशे भर, मोकळा हो" असा सल्ला कुणी दिला, तर आधी आरोपपत्रातले कलमांचे आकडे स्वतः वाचा आणि वकिलाला निवडणुकीचं नाव काढून विचारा. महापालिकेचे नियम वेगळ्या कायद्यात आहेत, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या.