मिरचीच्या पथारीवर कॅमेऱ्याची पारख

प्रारंभिक श्रेणीच्या डीएसएलआर कॅमेऱ्याची पारख बहुधा मेगापिक्सेलच्या आकड्यावरून केली जाते. परंतु रोजच्या वापरात तो कोठे कमी पडतो हे पाहावयाचे असल्यास नंदुरबार शहराभोवतीच्या मिरची पथाऱ्यांइतकी कठोर कसोटी क्वचितच सापडेल. हंगामात ओली लाल मिरची मोकळ्या मैदानांवर पसरून उन्हात वाळवली जाते आणि या एकरंगी विस्तारापुढे कॅमेऱ्याचे प्रकाशमापन चकते. कॅमेरा कोणतेही दृश्य लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन वाहिन्यांत नोंदवतो. भर उन्हातील मिरचीत लाल वाहिनी कमाल मर्यादा गाठते तेव्हा उरलेल्या दोन बऱ्याच खाली असतात, त्यामुळे सरासरी उजेड योग्य भासूनही सालीवरील सुरकुत्या नाहीशा होतात आणि तेथे नुसता लाल डाग उरतो. २०१८ मध्ये आलेल्या, २४.१ मेगापिक्सेलच्या कॅनन ईओएस १५००डी या कॅमेऱ्यात टिपलेल्या छायाचित्राचे तिन्ही वाहिन्यांचे हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटपाचे आलेख, स्वतंत्रपणे पाहता येतात. लाल आलेख उजव्या कडेला चिकटलेला दिसल्यास एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने उतरवावे आणि सेन्सरवरील माहिती प्रक्रियेविना साठवणाऱ्या रॉ स्वरूपात चित्रण करावे. स्वयंचलित मोडवर विसंबणाऱ्यास मात्र कॅमेरा कितीही महाग असला तरी हा डाग टळत नाही.

याच उन्हात डीएसएलआरचा खरा गुण दिसतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन थेट डोळ्यापर्यंत पोहोचत असल्याने, मोबाइलचा पडदा दिपून दिसेनासा होतो तेथेही व्ह्यूफाइंडरमधील दृश्य स्पष्ट राहते. मात्र या श्रेणीत त्यात चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दिसतो, म्हणून कडेला नको असलेली टोपली किंवा पाऊल नंतर चित्रात उगवते.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावच्या राजवाडी होळीत परिस्थिती उलटते. मोरपिसांचे टोप घालून, कमरेला भोपळे बांधून रात्रभर नाचणाऱ्यांवर उजेड थोडा असतो आणि होळी पेटते ती पहाटे. सोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटर लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, ५५ मिलिमीटरवर एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. उलट एफ १.८ ची ५० मिलिमीटर लेन्स तेवढ्याच वेळात जवळपास दहापट प्रकाश आत घेते. आयएसओ, म्हणजे संवेदनक्षमता, ६४०० पर्यंत चढवून चित्रात दाणे वाढवण्यापेक्षा ही साधी लेन्स अधिक उपयोगी पडते. येथे दोष बॉडीचा नव्हे, सोबतच्या लेन्सचा असतो, हे दुकानात सहसा सांगितले जात नाही.

बॉडीची मर्यादा उघड होते ती सारंगखेड्यात. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या यात्रेतील घोडेबाजारात धावता घोडा टिपताना १५००डीचा सेकंदाला ३ चित्रांचा वेग तोकडा पडतो. फोकसच्या ९ बिंदूंपैकी आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा बिंदू केवळ मधला असल्याने घोडा चौकटीच्या मध्यभागीच ठेवावा लागतो. निकॉन डी३५०० सेकंदाला ५ चित्रे घेतो, पण त्यानेही हा प्रश्न पुरता सुटत नाही.

टापांनी उडणारी धूळ हा याहून मोठा प्रश्न आहे, कारण सेन्सर कंपित करून धूळ झटकण्याची स्वयंचलित सोय १५००डी मध्ये नाही आणि बॉडीच्या सांध्यांना धूळरोधक आवरणही नाही. एफ १६ वर निरभ्र आकाशाचे चित्र घेतल्यास सेन्सरवरील कण काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. ते हवेच्या फुग्याने हलकेच उडवावेत, तोंडाने फुंकू नयेत, आणि पथारीवर किंवा घोडेमैदानात लेन्स बदलूच नये.

तेव्हा शेत, बाजार, लग्न आणि घरच्या माणसांची चित्रे यांसाठी हा कॅमेरा पुरेसा असून वाचवलेले पैसे एफ १.८ च्या लेन्सवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. ज्याला मुख्यतः घोडे टिपायचे आहेत, त्याने मात्र ही श्रेणी घेऊ नये.