रानडुकरासाठी रायफल : नळीचा पीळ अन् गोळीचे वजन

उमरेड, भिवापूर, कुही भागात हरभरा घाट्यावर आला की शेतकऱ्याची झोप शेतातच. मळ्यावर बसून डबे वाजवायचे, फटाके फोडायचे, तरी पहाटे बघावं तर दोन-चार तास नांगरून टाकलेले असतात. सोयाबीन उगवतीला अन् शेंगा भरताना, धान पोटरीत असताना, भुईमुगाचं तर विचारूच नका. मग कोणी वीजतारेचा मार्ग धरतो. त्याचं काय होतं हे एप्रिल 2017 मध्ये आपण पाहिलं. कऱ्हांडल्याच्या ‘जय’चा बछडा म्हणून ओळखला जाणारा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला ‘श्रीनिवास’ वाघ नागभीडकडच्या शेतात अशाच तारेला चिकटून मेला. तार डुकरासाठी लावली होती. तारेला डुक्कर कळत नाही, वाघ कळत नाही, अन् शेजारच्या वावरात पाणी द्यायला निघालेला माणूसही कळत नाही.

त्यामानाने परवान्याची बंदूक हा सरळ मार्ग. रानडुक्कर व रोही यांच्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 खाली परवानगी मिळू शकते. राज्य शासनाच्या 2015 च्या निर्णयानुसार त्यासाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज करावा लागतो. अभयारण्याच्या हद्दीत ही मुभा नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य 2012 पासून आहे, तेव्हा काठावरच्या गावांनी आपला गट क्रमांक हद्दीच्या आत की बाहेर हे आधी पाहून घ्यावे. परवानगी हातात आल्यावरचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही : बंदूक नीट लागते का?

गावात बहुतेकांकडे बारा बोअर असते. तिची नळी आतून गुळगुळीत. या लेखातला मुद्दा तिला लागू नाही. ती जवळच्या माऱ्याची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पण काही घरांत आजोबा-वडिलांच्या नावावरून आलेली .315 रायफल आहे, एखाद्याकडे .30-06, कुठे .22. या रायफलींच्या नळीत आतून नागमोडी पेच कोरलेले असतात. गोळी त्या पेचांतून घासत जाते आणि बाहेर पडताना भोवऱ्यासारखी फिरते. भोवरा जोरात फिरतोय तोवर ताठ उभा, फिरणं कमी झालं की डुलतो, मग आडवा पडतो. गोळीचंही तसंच. नळीच्या किती इंचात पेचाचा एक पूर्ण फेरा होतो, त्याला पीळ म्हणू. दहा इंचात एक फेरा म्हणजे दहा इंची पीळ. इथे आकडा उलटा वाचायचा असतो, बरं का! आकडा लहान तेवढा पीळ घट्ट अन् गोळी जास्त फिरणार. दहा इंची पिळाच्या नळीतून सेकंदाला 2700 फूट वेगाने निघालेली गोळी मिनिटाला जवळपास दोन लाख फेरे या गतीने फिरत असते.

आता वजनाचा संबंध. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. साडेपंधरा ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम. एकाच नळीसाठी जड गोळी करायची तर जाडी वाढवता येत नाही, म्हणून ती लांब होते. आणि लांब गोळीला ताठ ठेवायला जास्त पीळ लागतो. म्हणजे खरा हिशेब वजनापेक्षा लांबीचा आहे. इंग्लंडात वूलविचच्या ग्रीनहिल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी 1879 मध्ये याचं सोपं सूत्र दिलं : गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, 150 ने गुणा, लांबीने भागा. सगळं इंचात. .30-06 च्या गोळीचा व्यास .308. त्याचा वर्ग गुणिले 150 म्हणजे 14.2. गोळी 1.2 इंच लांब असेल तर उत्तर 12 च्या आसपास, 1.4 इंच असेल तर 10. या रायफलीला साधारण दहा इंची पीळ असतो, म्हणून तिला हलकी-जड दोन्ही गोळी चालते. .22 ची 40 ग्रेनची गोळी अर्ध्या इंचाच्या आतबाहेर, म्हणून तिथे सोळा इंची सैल पीळ पुरतो. सूत्र ठोकताळ्याचं आहे, पण शेतकऱ्याला तेवढं बास.

पीळ कमी पडला तर काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेच्या लष्कराचं. त्यांच्या एम-16 रायफलीला सुरुवातीला चौदा इंची पीळ होता. 1960 च्या दशकात अतिथंड हवेतल्या चाचण्यांत 55 ग्रेनची गोळी डुलू लागली, कारण थंड हवा दाट असते. पीळ बारा इंची केला. पुढे 62 ग्रेनची लांब गोळी आली तेव्हा तो सात इंचांवर न्यावा लागला.

त्याच देशात शेतातले घुशीसारखे प्राणी अन् कोल्हे मारायला बारीक, हलकी, अतिवेगवान गोळी सैल पिळातून मारतात. ती आत गेल्या गेल्या फुटते. चार-पाच किलोच्या जनावराला ते ठीक. आपल्याकडचा नर डुक्कर मोठा, खांद्यावर जाड कातडं अन् चिखलाचा थर. त्याला असली गोळी वरवर जखम करते. जखमी डुक्कर तुरीत नाहीतर पऱ्हाटीत दडून बसतो आणि सकाळी वेचणीला आलेल्या बायांवर धावतो. त्यामुळे .22 ने डुकरावर गोळी झाडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, परवाना असला तरी. .315 ची 244 ग्रेनची, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमची मऊ टोकाची गोळी या कामाला योग्य. पिळाने गोळीची ताकद वाढत नाही, ती फक्त सरळ जाते. घाव वजनाचा अन् वेगाचाच.

“.315 ला काडतूस एकाच जातीचं मिळते, मग पीळ पाहून करू काय?” असं एका शेतकऱ्याने मला विचारलं. प्रश्न रास्त. कारखान्यातून आली तेव्हा नळी आणि गोळी जुळलेलीच होती. पण चाळीस-पन्नास वर्षांत नळी गंजते, पेच झिजतात. पीळ कागदावर तोच राहतो, गोळीला मात्र पकड मिळत नाही. .30-06 वाल्यांचं वेगळं. त्यांना 150 पासून 220 ग्रेनपर्यंतची गोळी असते. ज्या वजनावर निशाणी लावली त्यापेक्षा वेगळं काडतूस घेतलं की मार वर-खाली जातो. घरी काडतूस भरून वजन जमवण्याच्या फंदात तर पडूच नये, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

पीळ मोजायचा तर बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढून ठेवा. सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून नळीत घाला. गज मुठीपाशी मोकळा फिरणारा हवा. गजावर वरच्या बाजूला खूण करून सरळ ढकला. खूण एक फेरा घेऊन परत वर आली की गज जेवढा आत गेला तेवढा पीळ. मध्येच चिंधी सटकली, गज न फिरताच पुढे गेला, तर तिथे पेच झिजलेत असं समजा. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला दाखवा.

दुसरी कसोटी कागदाची. अधिकृत गोळीबार मैदानावर पन्नास मीटरवर जाड कागद लावून पाच गोळ्या मारा. छिद्रं गोल आली तर गोळी ताठ जाते आहे. एखादं लांबट, किल्लीच्या भोकासारखं आलं तर गोळी आडवी होते आहे. अशी रायफल शेतात नेऊ नका, कारण गोळी कुठे जाईल हे तुमच्या हातात राहिलेलं नाही. नीट रायफलीची गोळीही दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. आपली वावरं सपाट, धुरे लहान, पलीकडे कोणी ना कोणी जागलीवर असतोच. मागे उंच बांध किंवा मातीचा ढीग असेल तरच गोळी झाडा. मचाणावरून खाली मारली तर गोळी जमिनीत जाते, ते सर्वांत बरं. आवाजाच्या दिशेने, हलणाऱ्या पिकाकडे बघून कधीच नाही. या भागात पिकात वाघही बसलेला असतो.

निवडणुकीच्या काळात बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2019 अन् 2024 ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली, ऐन हंगामात. अशा वेळी बंदुकीवर विसंबून न राहता जागलीची पाळी अन् कुंपणाची सोय आधीच करावी. नुकसान झालं तर डुक्कर मारलं का नाही याच्याशी भरपाईचा संबंध नाही. वन खात्याकडे लगेच अर्ज द्या आणि पंचनामा होईस्तोवर पीक तसंच राहू द्या.

परवानगीने मारलेलं जनावर शासनाच्या मालकीचं असतं. ते उचलून घरी नेणं, मांस वाटणं चालत नाही. वनरक्षकाला कळवून जागेवरच पंचनामा करून घ्यावा, आणि किती काडतुसं वापरली याची नोंद परवान्याच्या कागदांसोबत ठेवावी.