मोटारसायकलीवरील जोडउपकरणांची कंपने

अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली बाजारात आणलेल्या ‘लूना’चे एंजिन ५० घनसेंटिमीटरचे व एकाच सिलिंडरचे होते. अशा एंजिनात दट्ट्याच्या जडत्वामुळे उद्भवणारी प्रेरणा क्रँकवरील प्रतिभाराने पूर्णपणे नाहीशी होत नाही. तिचा काही भाग केवळ काटकोनातील दिशेकडे वळविला जातो. उदाहरणादाखल, पुढेमागे सरकणारे वस्तुमान १५० ग्रॅम व दट्ट्याची धाव ४० मिलिमीटर मानल्यास मिनिटास ६,००० फेऱ्यांना ही प्रेरणा, प्रतिभाराचा विचार न करता, सुमारे १,१८० न्यूटन भरते. फेऱ्या दुप्पट झाल्यास ती चौपट होते.

ही प्रेरणा सांगाड्यावाटे आरसा, दिवा इत्यादी उपकरणांपर्यंत पोचते. उपकरणाची स्वाभाविक कंप्रता तिच्या कंप्रतेशी जुळली, की अनुस्पंदन होऊन आरशातील प्रतिबिंब पुसट होते व धारकास तडे जातात. आडव्या हालचालींनी मळसूत्री जोड आपोआप सैल होतात, हे युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिले. मोटारसायकलीच्या तीव्र कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यास अपाय होऊ शकतो, अशी सूचना ॲपल कंपनीनेही २०२१ साली दिली.

यावर रबराची चकती हा सार्वत्रिक उपाय समजला जातो. परंतु तो नेहमीच खरा नव्हे. बाह्य कंप्रता स्वाभाविक कंप्रतेच्या १.४१ पटीहून अधिक असेल तरच रबर कंपन रोखते. त्याखाली ते कंपन वाढविते. एंजिनाच्या फेऱ्या मिनिटास १,५०० ते ६,००० असल्यास मूळ कंप्रता २५ ते १०० हर्ट्झ होते. म्हणजे रबरी बैठकीची स्वाभाविक कंप्रता १७ हर्ट्झच्या आसपास वा खाली हवी. याचा अर्थ असा, की उपकरणाच्या वजनाने बैठक निदान ०.८ मिलिमीटर तरी दबली पाहिजे. कठीण रबराने हे साधत नाही. रबराचे संदमन अनुस्पंदनाचा जोर कमी करते खरे. पण उच्च कंप्रतेस तेच पृथक्करण काहीसे उणे करते.

याउलट आरशास मऊ बैठक चालत नाही, कारण रस्त्याच्या धक्क्यांनी तो डोलू लागेल. त्याची स्वाभाविक कंप्रता १०० हर्ट्झच्या बरीच वर नेणे इष्ट होय. एका टोकास जखडलेल्या दांडीची लांबी निम्मी केल्यास तिची दृढता आठपट होते. टोकावरील वस्तुमान तेच राहिल्यास कंप्रता सुमारे २.८ पट वाढते. म्हणून आखूड, जाड दांडी व हलका आरसा हाच येथे योग्य मार्ग ठरतो.

तात्पर्य, बैठक पुरेशी मऊ असावी अथवा पुरेशी दृढ असावी. मधली निवड ही बहुधा सर्वांत घातक असते.