संगणकाचा दोष कोठे शोधावा?
(लिनक्स वापरणाऱ्या पेढ्यांसाठी काही सूचना)

दीपावलीच्या पूजेत लाल बासनातील वही आजही पाटावर मांडली जाते. परंतु वर्षभराचा प्रत्यक्ष व्यवहार त्या वहीत नसून पेढीवरील संगणकात असतो, ही गोष्ट आता आपणां सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची पद्धती सुरू झाली, पुढे मालाच्या वाहतुकीस ई-वे बिल आले, आणि आपल्या मध्य प्रदेशात मंडीची अनुज्ञाही संगणकावरूनच निघू लागली. संगणक बंद पडला म्हणजे केवळ लिखाण थांबत नाही. भरलेली गाडी दारात उभी राहते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीस सुरक्षेच्या नेहमीच्या विनामूल्य दुरुस्त्या देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११ साठी लागणारी यंत्रसामग्री अनेक जुन्या संगणकांत नाही. धडधाकट यंत्र भंगारात टाकणे हे काटकसरीस धरून नाही आणि अपरिग्रहाच्या शिकवणीसही धरून नाही. म्हणून मल्हारगंज, सियागंज व छावणी या भागांतील काही पेढ्यांनी जुन्याच संगणकावर लिनक्स घातले आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य असून जगभरच्या जाणकारांनी ती वाढविली आहे. मात्र विकत घेतलेल्या मालाबरोबर जशी तक्रार ऐकणारी कंपनी येते, तशी येथे बहुधा येत नाही. काही बिघडले तर बोलावलेला कारागीर पुष्कळदा पहिल्याच भेटीत म्हणतो, "शेठजी, फॉर्मॅट करून टाकू." फॉर्मॅट म्हणजे तबकडी पुसून नवी मांडणी करणे. त्यात प्रणालीबरोबर आपला हिशेबही पुसला जाऊ शकतो. दोष कोठे आहे हे निश्चित होईपर्यंत या वाक्यास होकार देऊ नये, हेच प्रस्तुत लेखाचे सार होय.

रोजमेळाची रीत

रोजमेळ जुळत नाही म्हणून कोणताही शहाणा मुनीम वही फाडून नवी घालीत नाही. तो प्रथम फरकाचा आकडा पाहतो. फरकास ९ ने पूर्ण भाग जात असेल तर ५४०० च्या जागी ४५०० असे अंक उलटे पडले असावेत, असे तो ताडतो. फरक एखाद्या रकमेच्या नेमका दुप्पट असेल तर जमेची रक्कम नावे पडली असावी, असे त्याला वाटते. संगणकाचा दोषही असाच आपल्या लक्षणावरून ओळखता येतो. त्यासाठी तीन नियम पाळावेत.

पहिला नियम असा की, काल चालत होते व आज चालत नाही, तर मधल्या काळात काय बदलले हे स्वतःस व घरच्या मुलांस विचारावे. नवा प्रिंटर जोडला काय, प्रणालीचे अद्ययावतीकरण झाले काय, वीज एकाएकी गेली काय? दुसरा नियम असा की, एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. चार तारा एकदम काढून लावल्या तर यंत्र चालेलही, परंतु दोष कोणत्या तारेत होता हे कधीच कळणार नाही व तो पुन्हा उद्‌भवेल. तिसरा नियम म्हणजे, पडद्यावर उमटलेले वाक्य शब्दशः उतरवून घ्यावे किंवा त्याचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. "काहीतरी इंग्रजीत आले होते" एवढ्यावरून कोणीही वैद्य निदान करू शकत नाही.

दोष यंत्रात की आज्ञावलीत?

संगणकास दोन अंगे आहेत. हाताला लागते ते यंत्र, म्हणजे हार्डवेअर. आणि त्या यंत्रास चालविते ती आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर. दोष कोणत्या अंगात आहे हे ठरविण्याचे उत्तम साधन लिनक्समध्ये आहे. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रणालीची एक प्रत आधीच करून ठेवावी. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो; उबंटूसारख्या प्रणालीत "वापरून पाहा" असा पर्याय येतो व आतील तबकडीस हात न लावता सर्व काम चालते. अशा वेळी आवाज, पडदा, इंटरनेट व प्रिंटर यांची परीक्षा घ्यावी. तोच बिघाड येथेही दिसला तर दोष बहुधा यंत्रात आहे. येथे सर्व सुरळीत चालले तर दोष आतील आज्ञावलीत अथवा तबकडीत आहे, असे समजावे. याच मार्गाने आत साठविलेला हिशेब उघडून दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवूनही घेता येतो. दुरुस्तीच्या आधी हे काम अवश्य करावे.

यंत्राचे दोष

धान्याच्या पेढीवरील संगणकाचा पहिला शत्रू म्हणजे कोंडा व धूळ. ती पंख्यात व त्याखालील धातूच्या पात्यांत बसते, उष्णता बाहेर पडत नाही आणि मे महिन्याच्या दुपारी संगणक आपणहून बंद पडतो. सकाळी चालणारे यंत्र दुपारी बंद पडत असेल तर आधी धुळीचा संशय घ्यावा. वीज तोडून, पेटी उघडून हवेच्या झोताने धूळ काढावी. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण झोताने तो वेगाने फिरून बिघडू शकतो. पावसाळ्यात पेटीत मुंग्या व किडे आश्रय घेतात. वीज तोडल्यावर प्रथम पूंजणीसारख्या मऊ कुंचल्याने त्यांस हळुवार बाहेर काढावे व मगच झोत वापरावा. उंदीर तारा कुरतडतात, यावर विषाची गोळी हा आपल्या आचारास शोभणारा उपाय नव्हे. तारा जाड नळीतून न्याव्यात, म्हणजे जीवही वाचतो व तारही वाचते.

कळ दाबूनही दिवा लागत नसेल तर भिंतीतील खटका, यूपीएस, तार व पेटीमागील खटका असा क्रमाने तपास करावा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी पडद्याची तार पाहून नंतर रॅमची, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी. तत्पूर्वी वीज तोडावी व पेटीच्या धातूस हात लावून अंगातील स्थिर विद्युत् उतरवावी.

एक दोष असा आहे की जो दिसतो एका ठिकाणी व असतो दुसऱ्याच ठिकाणी. सकाळी कराचे संकेतस्थळ उघडत नाही, "जोडणी सुरक्षित नाही" असे वाक्य येते आणि सर्वजण इंटरनेटवाल्यास दोष देतात. अशा वेळी कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती अनेक वर्षे मागची असेल, तर आतील सीआर २०३२ या जातीचा तीन व्होल्टचा गोल सेल संपला आहे, असे जाणावे. संकेतस्थळाच्या ओळखपत्रास मुदत असते व चुकीच्या तारखेमुळे ती मुदत संगणकास जुळत नाही. थोडक्या पैशांचा सेल बदलला की काम होते. न बदलल्यास बिलांवरही चुकीची तारीख पडण्याचा धोका असतो.

तबकडीचा दोष मात्र गंभीर मानावा. फाइल उघडण्यास अकारण वेळ लागणे, खटखट असा आवाज येणे, अथवा एकाएकी सर्व काही "केवळ वाचण्यापुरते" होऊन नवे लिखाण न स्वीकारणे, ही त्याची लक्षणे होत. तबकडीवर दोष आढळता लिनक्स पुष्कळदा स्वतःच लिहिणे थांबविते, ते आपला हिशेब वाचावा म्हणून. "डिस्क्स" नावाच्या आज्ञावलीत "स्मार्ट" तपासणी असते. तीत निकामी झालेल्या जागांचा आकडा वाढत असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता हिशेब त्वरित दुसऱ्या तबकडीवर उतरवावा व ती तबकडी बदलावी.

आज्ञावलीचे दोष

गुप्तशब्द बरोबर असूनही प्रवेशाचा पडदाच पुन्हा पुन्हा येत असेल, तर एक संभाव्य कारण अगदी साधे असते: कोठारात जागा उरलेली नाही. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबल्यास अक्षरांचा साधा पडदा येतो. तेथे आपले नाव व गुप्तशब्द देऊन डी-एफ ही दोन अक्षरे, मग मोकळी जागा, आडवी रेघ व एच असे लिहिले की कोणता कप्पा किती भरला ते टक्क्यांत दिसते. मुख्य कप्पा १०० टक्के भरला असेल तर कचरापेटी व अनावश्यक मोठ्या फाइली काढून जागा करावी. गोठलेल्या यंत्राची परीक्षाही याच कळांनी होते. साधा पडदा आला तर यंत्र जिवंत असून केवळ चित्रमय पडदा अडला आहे. मुळीच काही झाले नाही तर दोष अधिक खोल आहे.

अद्ययावतीकरणानंतर पडदा काळा झाला तर घाबरू नये. लिनक्स नवा गाभा बसविताना बहुधा जुना गाभाही ठेविते. संगणक सुरू होताच शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबल्यास यादी येते. तीत "प्रगत पर्याय" निवडून आधीचा गाभा घ्यावा. जुन्या गाभ्याने यंत्र सुरू झाले, म्हणजे दोष नव्या गाभ्यात किंवा त्याच्याशी न जुळणाऱ्या चालकात आहे हे सिद्ध झाले.

तौलकाट्याचे उदाहरण

वरील सर्व रीत एका उदाहरणात दिसेल. इलेक्ट्रॉनिक तौलकाट्याचे वजन संगणकात थेट यावे म्हणून काट्यापासून एक तार येते व छोट्या जोडणीने ती यूएसबीत बसते. डॉलर चण्याची पोती काट्यावर आहेत, काट्यावर आकडा दिसतो, परंतु संगणकात येत नाही. प्रथम तीच तार दुसऱ्या संगणकास लावून पाहावी. तेथे वजन आले, म्हणजे काटा, तार व जोडणी तिन्ही निर्दोष. आता संगणक स्वतः काय सांगतो ते वाचावे. एस-यू-डी-ओ, मोकळी जागा व डी-एम-ई-एस-जी अशी आज्ञा दिली की गाभ्याने केलेल्या नोंदी ओळीने उमटतात. जोडणी लावताच नवी नोंद येते की नाही ते पाहावे. नोंद आलीच नाही तर यूएसबीचे भोक खराब असावे. नोंद आली व जोडणी ओळखली गेली, परंतु "परवानगी नाही" असे उत्तर मिळाले, तर त्या वापरकर्त्याचे नाव "डायलआउट" या गटात घालून एकवार बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा.

तिसरीही शक्यता आहे. उबंटूच्या २०२२ च्या आवृत्तीत अंधांच्या ब्रेल-पट्टीसाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही आज्ञावली सीएच-३४० जातीच्या स्वस्त जोडणीस आपलीच पट्टी समजून ताब्यात घेत असे. जोडणी क्षणभर दिसे व लगेच नाहीशी होई. ज्या पेढीवर ब्रेल-पट्टीचा वापर नाही तेथे ती आज्ञावली काढून टाकली की काम होते. नोंदी न वाचता कोणी काटा बदलला असता, कोणी संगणक फॉर्मॅट केला असता, आणि पुन्हा तीच प्रणाली घातल्यावर दोष जागच्या जागी राहिला असता!

मराठी अक्षरांचा प्रश्न

जुनी मराठी पत्रे लिनक्सवर उघडली असता अर्थहीन चिन्हे दिसतात, ही तक्रार नेहमीची आहे. येथे यंत्रही बिघडलेले नाही व आज्ञावलीही नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत मराठी अक्षराचे केवळ चित्र असे. आत साठविलेली चिन्हे निराळीच असत. टंक गेला की अर्थ गेला. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे. जुनी पत्रे परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून ताडून पाहावीत व पुढील लिखाण युनिकोडमध्येच करावे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकातील इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीच असतो. सेटिंगमधून तो निवडावा लागतो एवढेच. "व्यापाऱ्यांना" या शब्दातील आडव्या र-काराच्या जागी वर रफार येत असेल तर साध्या र ऐवजी नुक्त्याचा ऱ वापरून पुढे हलन्त व य द्यावा, म्हणजे शब्द शुद्ध उमटतो.

नोंदवहीचे महत्त्व

संगणकाच्या दोषास इंग्रजीत "बग", म्हणजे किडा म्हणतात. शब्द जुनाच होता; परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या गणनयंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून वेळेसह नोंद केली. एवढ्या विद्वानांसही दोष सापडल्यावर तो लिहून ठेवावासा वाटला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रत्येक पेढीने संगणकाजवळ एक साधी कागदी वही ठेवावी. तारीख, लक्षण, पडद्यावरील वाक्य, केलेला उपाय व परिणाम एवढ्या पाच गोष्टी तीत लिहाव्यात. संगणक बंद असतानाही ही वही उघडता येते, हा तिचा मोठा गुण.

हिशेबाची प्रत रोज सायंकाळी पेढी वाढविताना एका बाह्य तबकडीवर घ्यावी व आठवड्याची एक प्रत घरी ठेवावी. प्रत घेतली एवढ्यावर समाधान न मानता महिन्यातून एकदा ती उघडून, एखादे खाते मूळ हिशेबाशी ताडून पाहावे. न उघडणारी प्रत ही नसल्यासारखीच. ज्याच्याजवळ प्रत आहे त्याला दोष शांतपणे शोधण्यास सवड मिळते, आणि ज्याच्याजवळ ती नाही त्याला कारागिराच्या पहिल्या शब्दास मान डोलवावी लागते. आपल्या संघाच्या कार्यालयात लिनक्सचा एक तपासणी-पेनड्राइव्ह व सभासदांना आलेल्या दोषांची एक सामाईक वही ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. एका पेढीचा अनुभव दुसरीच्या उपयोगी पडणे, हाच तर संघाचा हेतू होय.

जय जिनेन्द्र.