कॅम्पस येतो, तेव्हा बाळं कुणी मोजायची?

मी नर्स म्हणून नोकरीला लागले तेव्हा माझं बाळ आठ महिन्यांचं होतं. सकाळची पाळी सातला सुरू व्हायची. हॉस्पिटलच्या आवारात पाळणाघर होतं, पण ते उघडायचं साडेनऊला. मधले अडीच तास शेजारच्या आजी बाळाला सांभाळायच्या. त्या गावी गेल्या की माझी बिनपगारी रजा पडायची. सफाईच्या बाया कंत्राटी होत्या. त्यांच्या मुलांना त्या पाळणाघरात प्रवेशच नव्हता. त्यांची बाळं घरी आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असायची आणि त्या बहिणीची शाळा बुडायची.

आज ठिकठिकाणी मेडिकल कॉलेज, विद्यापीठ यांचे नवे कॅम्पस होत आहेत. रोजगार येईल असं गावाला सांगतात, आणि तो येतोही. पण कामावर जाणाऱ्या बाईचं मूल दिवसभर कुठे राहणार, याचा हिशेब कुणी मांडतं का?

श्रीमंत देशांतही हा हिशेब सहज होत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१६ साली मोठ्या विस्ताराची परवानगी मागितली. अर्ज सांता क्लारा काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाकडे होता. शैक्षणिक इमारतींसाठी २२ लाख ७५ हजार चौरस फूट, शिवाय राहण्यासाठी ३,१५० घरं आणि खाटा. पाळणाघरं, वाहतुकीच्या सोयी वगैरे सगळ्यांसाठी मिळून ४० हजार चौरस फूट. म्हणजे शैक्षणिक बांधकामाच्या दोन टक्केही नाही, आणि त्यातही वाटेकरी.

तिथला पर्यावरण कायदा १९७० चा. प्रकल्पाने रहदारी किती वाढेल, हवा, आवाज, झाडं यांचं काय होईल, हे तो तपासायला लावतो. पण निव्वळ आर्थिक किंवा सामाजिक परिणाम त्यात पर्यावरणाची हानी म्हणून धरला जात नाही. पाळणाघराच्या फीपायी आईचा अर्धा पगार गेला, तरी त्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही.

घरांसाठी मात्र काउंटी अडून बसली. नोकरवर्गासाठी २,१७२ घरं बांधा, अशी अट पुढे आली. शाळकरी मुलांसाठी पालो आल्टोच्या शाळा मंडळाने वाटाघाटी केल्या आणि २०१९ मध्ये ४० वर्षांत सुमारे १३ कोटी ८० लाख डॉलर देण्याचं ठरलं. तेही मोठा करार झाला तरच. अटींवर एकमत झालं नाही आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये विद्यापीठाने अर्जच मागे घेतला. या प्रकरणात मला एक गोष्ट दिसते. शाळेतल्या मुलांच्या बाजूने बोलायला निवडून आलेलं मंडळ होतं. पाळण्यातल्या बाळांचं असं मंडळ नसतं. त्यांच्यासाठी आपल्यालाच उठावं लागतं.

आपल्याकडे निदान कागद भक्कम आहे. सरकार जमीन संपादन करतं तेव्हा २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४ नुसार सामाजिक परिणामांचा अभ्यास सांगितला आहे. कशावर परिणाम होईल ते तपासायचं, त्या यादीत उपजीविका, पाणी, दवाखाना, शाळा यांच्यासोबत अंगणवाडीचं नाव स्पष्ट आहे. त्यासाठी जनसुनावणीही आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा, हा नियम २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आला.

तुमच्या भागात असा प्रकल्प येत असेल तर हे विचारा:

१. अंगणवाडी हलवणार असतील तर नवी सुरू होईपर्यंत मुलांचा आहार कुठे मिळणार?

२. पाळणाघर पहिल्या पाळीआधी उघडेल का? रात्रपाळीचं काय?

३. सफाई, स्वयंपाक, सुरक्षा इथल्या कंत्राटी बायांची मुलं त्यात घेणार का?

४. बांधकाम चालू असताना मजुरांची मुलं कुठे असतील?

५. फी कुणाच्या पगाराकडे बघून ठरवणार?

सुनावणीला रिकाम्या हाताने जाऊ नका. वही घ्या आणि वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची नोंद करा: वय, आई किती तास बाहेर असते, मूल कोण सांभाळतं, दुपारी काय खातं, गेल्या महिन्यात आईचे किती खाडे पडले. खाड्यांना रोजाने गुणा, म्हणजे घराचं नुकसान रुपयांत दिसेल. अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी सोबत ठेवा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध हवं. पुढे पोट लहान असल्याने थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा भरवावं लागतं. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या बाळाचं वजन अडतं, जुलाब-खोकला वारंवार होतो आणि आईचा पुन्हा खाडा पडतो.

ही वही सुनावणीत वाचून दाखवा आणि तिची प्रत अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या.