अपूर्ण संच, चोख हिशेब

मुलगा उच्च शिक्षणासाठी परगावी जातो आणि त्याच्या मागे माळ्यावर एक पेटी उरते. तिच्यात लेगोचे रंगीबेरंगी ठोकळे असतात. मूळ खोका केव्हाच फाटलेला, सूचनापुस्तिका गहाळ, आणि काही तुकडे कोठे गेले हे घरात कोणालाच ठाऊक नसते. असा संच रद्दीबरोबर फुकापासरी जातो किंवा वर्षानुवर्षे धूळ खात पडतो. वास्तविक जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात अशा अपूर्ण संचालाही गिऱ्हाईक असते. अट एकच: त्यात काय नाही, हे विक्रेत्याने आधी सांगितले पाहिजे.

जुनेपणामुळे या मालाची उपयुक्तता का घटत नाही, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क ख्रिश्चन्सन या सुताराने १९३२ साली हा उद्योग सुरू केला. आतून नळ्या असलेल्या, आज प्रचलित असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. त्या काळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही बसतो. एकाच रंगाचे, आठ उंचवट्यांचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणित सांगते. साहजिकच, ज्याला संपूर्ण संच नको असतो त्यालाही सुटे तुकडे हवे असतात.

ब्रिकलिंक ही २००० साली सुरू झालेली ऑनलाइन बाजारपेठ याच गरजेवर उभी राहिली. २०१९ मध्ये लेगो समूहाने ती विकत घेतली. तेथे संच विकताना तो सीलबंद, पूर्ण की अपूर्ण, हे नमूद केले जाते. म्हणजे अपूर्णता हा तेथे लपविण्याचा दोष नसून मालाची एक रीतसर प्रतवारी आहे.

विक्रीची पहिली पायरी मोजदादीची. खोक्यावर व पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर संचाचा क्रमांक असतो. पुस्तिका हरवली असली तरी बहुतेक संचांच्या सूचना कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि अलीकडच्या पुस्तिकांच्या अखेरीस तुकड्यांची यादीही असते. बँकेत दिवसअखेर रोकड वहीशी ताडून पाहतात, तसेच येथे करावे. कागदावर तीन रकाने आखावेत: यादीप्रमाणे किती, हाती किती, तूट किती. काम कंटाळवाणे खरे. परंतु मालाची किंमत याच कागदावर ठरते.

त्यानंतर तुटीचे मोल पाहावे. साधा लाल ठोकळा नसला तर फारसे बिघडत नाही. मात्र संचातील छोटी मानवाकृती नसेल तर भाव लक्षणीय उतरतो, कारण अनेक संग्राहक तिच्यासाठीच संच घेतात. उणे तुकडे विकत आणून संच पूर्ण करण्याचा मोह होतो. तेथेही हिशेब हवा. पाच तुकडे चार विक्रेत्यांकडून मागविले तर चार वेळा टपालखर्च येतो, आणि तो वाढीव किमतीहून अधिक भरू शकतो. अशा वेळी संच अपूर्णच विकणे किंवा ठोकळे वजनावर देणे शहाणपणाचे.

ठोकळे कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवावेत. पाणी ४० अंश सेल्सिअसहून गरम नसावे. स्टिकर लावलेले व विजेवर चालणारे भाग पाण्यात घालू नयेत. उन्हाने पिवळे पडलेले तुकडे छायाचित्रात स्पष्ट दिसू द्यावेत. अस्सल ठोकळ्याच्या उंचवट्यांवर कंपनीचे नाव कोरलेले असते. ज्यांवर ते नाही, असे तुकडे वेगळे काढून तपासावेत आणि नकली माल अस्सलात मिसळू नये.

वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडील मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यातही आहे. परंतु प्रश्न केवळ कायद्याचा नाही. पेटीच्या दुसऱ्या टोकाला बहुधा एखादे मूल असते. दोन दिवस खपून ते मोटार रचते आणि शेवटी तिची समोरची काच पेटीत नाही, हे त्याला कळते. तूट आधी कळली असती तर त्याच्या वडिलांनी तेवढा एक तुकडा अगोदरच मागवून ठेवला असता. वस्तू तीच, तूट तीच. पण एका घरी ती फसवणूक ठरते, तर दुसऱ्या घरी ठरवून केलेली खरेदी.

म्हणून विक्रीच्या मजकुरात पहिली ओळ हरवलेल्या तुकड्यांची असावी. ती वाचून काही गिऱ्हाइके निघून जातील. जे थांबतील, ते पेटी उघडल्यावर तक्रार करणार नाहीत, आणि पुढच्या खरेदीला त्याच विक्रेत्याचे नाव शोधतील.