बांधीच्या काठावरचा पिक्सेल

वनस्थिती अहवाल आला की गडचिरोली-चंद्रपूरचं जंगल वाढलं की घटलं, याचीच चर्चा रंगते. डिसेंबर २०२४मधल्या अहवालानंतर तरी आधीची एक पायरी तपासायला हवी: उपग्रहाची प्रतिमा नकाशावर बसवताना मूळ आकड्यांचं काय होतं? उपग्रहाची वाट तिरकी असल्याने प्रतिमा फिरवावी आणि ताणावी लागते. मग नव्या जाळीतला चौकोन जुन्या चौकोनांच्या मध्येच कुठेतरी पडतो. त्याला आकडा देण्याच्या, म्हणजे रिसॅम्पलिंगच्या, प्रचलित पद्धती तीन. सर्वांत जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा उचलायचा, चार शेजाऱ्यांची भारित सरासरी काढायची (बायलिनिअर), किंवा रॉबर्ट कीज यांनी १९८१मध्ये मांडलेल्या क्युबिक पद्धतीने सोळा शेजारी धरायचे. ग्राफिक्स चिपमध्ये बायलिनिअर जडवलेलंच असतं, म्हणून ते झटपट होतं. पण वेग हा पुराव्याचा निकष नव्हे.

प्रकाशाच्या लाल पट्ट्यात दाट झाडीचा आकडा कमी येतो, उघड्या जमिनीचा जास्त. समजा, ओळीत ३०, ३०, ३० अशी झाडी आणि शेवटी ९० ही धानाची बांधी आहे. झाडी आणि बांधीच्या बरोबर मधोमध बायलिनिअर ६० देतं. तो आकडा ना झाडीचा, ना बांधीचा, पण नकाशावर विरळ जंगल म्हणून खपू शकतो. क्युबिक त्याच्या एक घर अलीकडे, झाडीच्या आतच, साधारण २६ देतं, म्हणजे आहे त्याहून दाट झाडी. जवळच्या पिक्सेलची पद्धत मात्र मोजलेलाच आकडा देते. तिच्यात काठ अर्ध्या पिक्सेलपर्यंत सरकतो, हा आक्षेप खरा आहे. लिस-३ या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या २३.५ मीटर पिक्सेलला ही चूक प्रत्येक दिशेने बारा मीटरच्या आत राहते. ती सांगता येते, मोजता येते. सरासरीत विरघळलेला काठ परत मिळत नाही. पडद्यावर पाहायला बायलिनिअर खुशाल वापरावं, वर्गीकरणासाठी नको.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये मिळालेल्या सुमारे १,८०० हेक्टरांच्या सामूहिक हक्कात काठाचा एक पिक्सेल नगण्य. पण त्याच कायद्याखालच्या वैयक्तिक दाव्यात १३ डिसेंबर २००५पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो आणि अर्ध्या एकराच्या बांधीत पिक्सेल जेमतेम साडेतीन बसतात, तेही बहुतेक काठाचे. उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरावी, त्यांची जागा तिने घेऊ नये, असं या कायद्याचे २०१२चे सुधारित नियम सांगतात. तरीही ग्रामसभेपुढे ती ठेवायची असेल तर प्रमाण आणि तारखेशेजारी रिसॅम्पलिंगची पद्धत छापलेली असावी आणि न ताणलेली मूळ प्रतिमा सोबत जोडलेली असावी.